गोटीरामनानांचा विळा

गोटीरामनाना वीस वर्षं द्राक्षबागेवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी फवारत आले. चुना पुरेसा पडला का, हे ते त्यात विळा बुडवून बघत. पात्यावर तांबं चढलं नाही की औषध ठीक.

२००३ साली वाइनरीत मी त्यांचा माल नाकारला. तपासणीच्या मशीननं रसात तांबं इतकं दाखवलं की तो आंबलाच नसता. काढणीच्या तोंडावर फवारू नका, म्हणून मी किती कानीकपाळी ओरडलो होतो. पण पानं निळी दिसली नाहीत तर लोक नावं ठेवतील, हे त्यांचं पालुपद.

"तुमचं मशीन खोटं हाय," नाना म्हणाले, आणि रसाच्या बादलीत विळा बुडवून बसले.

मी वैतागून चहाला गेलो. परतलो तेव्हा नाना विळ्याचं पातं धोतराला खसाखसा पुसत होते. तांबूस डाग निघत नव्हता.