टिंबं खोडणारी मॅडम

माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला होता, डावा निघत नव्हता आणि शेताच्या धुऱ्यावर उभ्या दहा-बारा बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"मॅडम, रोवून रायल्या का पोरायची परेड घेऊन रायल्या?" भागरताबाईनं विचारलं.

मी धानाची रोपं एकेक करून, पट्टीनं आखल्यासारखी सरळ रांगेत लावत होते. मागे वळून पाहिलं तर लावलेली सगळी पाण्यावर तरंगत होती.

माझी नात ही गोष्ट ऐकली की विचारते, आजी, तुला चिखलात ढकललं कुणी? मीच, बाई. आणि तेही मोत्यासारख्या अक्षरात.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून नुकताच वेगळा झाला होता. माझी बदली सडक अर्जुनीजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. चार वर्ग, दोन शिक्षक: हेडमास्तर कापगते गुरुजी आणि मी. गुरुजी तिथे इतकी वर्षं होते की पोरांच्या बापांच्या खोड्याही त्यांना पाठ होत्या. मी अडतीस वर्षांची. माझं रेकॉर्ड तालुक्यात सगळ्यात नीटनेटकं, असं माझं स्वतःचं मत होतं.

जुलैत धानाची रोवणी लागली आणि वर्ग अर्धे रिकामे झाले. हजेरीपटात पाहते तर न आलेल्या पोरांपुढे गुरुजींनी पेन्सिलीनं बारीक टिंब दिलेलं. ना हजर, ना गैरहजर.

"गुरुजी, हे काय?"

"पोरगं धानाच्या बांधीत आहे. रोवणं झालं का येते."

"नियमात टिंब नाही."

"नियमात रोवणं बी नाही, मॅडम."

त्यानंतर गुरुजी तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला गोंदियाला गेले आणि शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. मी पहिल्याच दिवशी खोडरबर काढलं. सगळी टिंबं खोडून लाल शाईनं गैरहजेरी मांडली. मग सलग गैरहजर म्हणून बारा नावं पटावरून कमी केली आणि घरी जाऊन समाधानानं दोन कप चहा प्यायले.

गुरुजी परतले त्याच आठवड्यात विस्तार अधिकारी आले. शाळा तपासणारे साहेब. त्यांनी पट उलटून पाहिला.

"रेकॉर्ड कुणाचं?"

मी लगबगीनं पुढे झाले.

"छान ठेवलंय. पण पट एवढा खाली राहिला तर इथे एकच शिक्षक मंजूर होईल. तुमच्यात ज्युनिअर कोण?"

मी पुढे उभी होतेच.

त्याचं असं आहे. तीस सप्टेंबरला शाळेत किती पोरं आहेत त्यावर शिक्षक किती ते ठरतं. उरलेला शिक्षक 'अतिरिक्त'. जिथे जागा असेल तिथे त्याला धाडतात. जागा होती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सालेकशाकडे. माझा नवरा सौंदडला राइस मिलमध्ये, मुलगी तिथेच सातवीत. आणि इकडे गुरुजी रिटायर होईपर्यंत चार वर्ग एकटे ओढणार. बारा नावं कमी करताना तेरावं माझं होतं, ते मला दिसलंच नव्हतं.

"नावं परत चढवा ना, गुरुजी."

"चढवतो. पण मायबाप पोराले घेऊन याले पायजेत, अन् बाया चिडून हायेत. भागरताबाईले भेटा. तिची नात काटली तुमी."

भागरताबाई म्हणजे गावातल्या रोवणाऱ्या बायांची म्होरकी. तिनं हो म्हटलं की बाराही घरं हो म्हणणार. मी बांधीवर गेले.

"माह्या नातीचं, सिंधूचं नाव कायले काटलं?"

"शाळेत येत नव्हती."

"कुठं जाते, ते तुमी येऊन पायलं? आता आल्याच तर उतरा. एक बांधी रोवा, मंग बोलू."

म्हणून तो चिखल.

शेवटी सिंधूलाच दया आली. चौथीतली पोर, माझ्या वहीत 'गणित कच्चे'. "मॅडम, एक-एक नाही. तीन-चार काड्या घ्या न् अंगठ्यानं दाबा." मग बांधीवर नजर फिरवून म्हणाली, "अजून रोपांच्या बावन्न जुड्या लागतीन."

"कशावरून?"

"आडव्या चार, उभ्या तेरा फेका लागन."

फळ्यापुढे हिची तेराच्या पाढ्याला दातखीळ बसायची. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवायला गेले आणि बदकन चिखलात बसले. बायांनी तेही पाहून घेतलं.

बांधी कशीबशी संपवली आणि तशीच, चिखलासकट शाळेत पळाले. "गुरुजी, रोवणं होईपर्यंत शाळा सकाळी सातला भरवू. दहाला सोडू. मग पोरं जाऊ देत बांधीत."

"रोवणं भरात आलं का दरसाल तेच करतो मी," गुरुजी म्हणाले. "ह्या साली घंटा तुमच्या हाती होती."

गुरुजींनी गावात निरोप फिरवला आणि दुसऱ्या दिवशी साडेसहालाच मी फाटकात उभी. एकेक करून अकरा पोरं मायबापांसोबत आली. सिंधू नाही. सात वाजले, घंटा झाली. मग भागरताबाई नातीचा हात धरून सावकाश चालत आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"नाव पेन्सिलीनं काटलं होतं का शाईनं?"

"शाईनं."

"मंग शाईनंच लिवा. मी पायतो."

लिहिलं. पट तिच्याकडे फिरवून दाखवला.

तीस सप्टेंबरला पट भरला, माझी जागा राहिली. गुरुजी रिटायर झाले तेव्हा जाताना त्यांनी मला अर्धी झिजलेली पेन्सिल दिली. मी ती आणि तिच्या बहिणी नोकरीभर वापरल्या. पुढे हजेरी ऑनलाइन झाली. त्यात टिंब टाकायची सोय नाही, म्हणून मी टिंबं वेगळ्या कागदावर देत राहिले.

माझ्या निरोप समारंभाला भागरताबाई आली, कंबरेत वाकलेली. सोबत सिंधू. ती आता मोजणी खात्यात आहे, लोकांच्या बांध्या मोजते.

"मॅडम, आता सांगतो," म्हातारी कानाशी लागली. "तुमी रोवलेली बांधी आमी दुसऱ्या दिवशी पुन्हा रोवली. सिंधू म्हणे, मॅडमले सांगू नोको."

म्हणजे ज्या बांधीच्या जोरावर मी त्या शाळेत टिकले, ती मी रोवलीच नव्हती.

नव्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं. लाल पेन खुशाल वापरा. फक्त कुणाचं नाव काटण्याआधी शाळेत ज्युनिअर कोण, ते पाहून घ्या.