भाऊजींची बोलकी कवटी

भाऊजी गेल्याचा फोन भाच्याने सकाळी केला. मी ऐकून घेतलं, कोणाकोणाला कळवायचं ते कागदावर उतरवलं आणि एकेक नंबर फिरवत गेले. दुबईतले आमचे जुने शेजारी कर्णिक आता नाशिकला असतात. बातमी ऐकून ते म्हणाले, "आपली कवटी गेली हो..." पुढे ज्यांना फोन केले त्यांतल्या निम्म्या लोकांनी कवटीचाच विषय काढला. सुधाकरराव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर एअरकंडिशनिंगच्या धंद्यात राबले, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती प्लास्टिकची कवटी. त्यांना हे भलतंच आवडलं असतं. म्हणून तीच हकीकत लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दुबईच्या बर दुबई भागात एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो. भाऊजी साइट सुपरवायझर होते. दिवसभर फोनवर ओरडणं हा कामाचाच भाग, आणि संध्याकाळी घरी चार माणसं जमली की नकला. मग घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र गेला. उरला तो एक घोगरा, फाटका सूर. दोन शब्द बोलले की थांबून श्वास घ्यावा लागे. कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं आणि त्यांनी लोकांत बोलणंच सोडलं. चहावाल्याला बोटाने खूण, ग्रोसरीच्या दुकानाला फोन ताईने करायचा, पाहुणे आले की हे आतल्या खोलीत. एक दिवस ताई मला म्हणाली, "व्हिसा संपला की परत जाऊ म्हणतात. मुकंच राहायचं तर गावी राहीन, म्हणे. आणि गं, गावी तरी कोणाशी बोलणार आहेत?"

त्याच वर्षी बिल्डिंगमधल्या मुलांनी हॅलोवीनचा, म्हणजे भुताखेतांच्या सणाचा, हट्ट धरला. शाळेतल्या गोऱ्या मुलांच्या व्हिलांमध्ये पार्ट्या होत, यांनाही हवी होती. मी कामं वाटून टाकली. समोसे एकीकडे, भोपळे दुसरीकडे, मीना बझारमधून काळं कापड मी आणणार. बुरख्यासाठी असेल असं वाटून दुकानदाराने विचारलं, "अबाया के लिए, मॅडम?" मी म्हटलं, "नहीं, खोपडी के लिए." त्याने घाईघाईने कापड फाडून दिलं. भाऊजींच्या वाट्याला सुपरमार्केटमधली प्लास्टिकची कवटी आली होती. ती नुसती टेबलावर ठेवायची होती. त्यांनी हॅकसॉ ब्लेडने तिचा जबडा कापून वेगळा केला, छोट्या बिजागऱ्यांवर परत बसवला, मिटण्यासाठी दोन रबरबँड लावले आणि उघडण्यासाठी शारजाच्या भंगारातून आणलेली गाडीच्या दार-लॉकची मोटर. माइकमध्ये बोललं की आवाज कवटीमागच्या स्पीकरमधून यायचा आणि त्याच आवाजाने मोटर चालून जबडा उघडायचा. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या हातात पक्कड दिसत होती. ताई रोज फोन करून सांगायची, "आज जेवायला दोनदा बोलवावं लागलं." तिला ती तक्रार करताना फार आनंद व्हायचा.

कवटीचा आवाज कोणाचा, हा प्रश्न आमच्या मंडळात पडलाच नाही. आवाजाचं काम म्हणजे कर्णिक. गणेशोत्सवाच्या नाटकात दरवर्षी राजा तेच. त्यांनी संवादही लिहून आणले, थेट दरबारी. रंगीत तालमीला ताईच्या हॉलमध्ये ते माइकसमोर छाती काढून गरजले, "थांऽऽब, बाऽऽलकाऽऽ!" जबडा उघडला आणि उघडाच राहिला. वाक्य संपेपर्यंत मिटायचं नाव नाही.

"ही बोलतेय की दाढ दाखवतेय?" ताई म्हणाली.

भाऊजींनी स्क्रू पिळून मोटरचा जोर कमी केला, तर जबडा हलेचना. वाढवला की पुन्हा आ. कर्णिक चिडले. "अहो, संवाद म्हटला की आवाज छातीतून येणारच. तुमचं मशीन बदला!"

भाऊजींनी त्यांच्या हातातून माइक घेतला. दाखवण्यापुरताच घेतला होता. "असं... बोला," ते म्हणाले. "थांबा... मग... बोला."

कवटी बोलली. एकेका शब्दाला जबडा कट्‌कन उघडत होता, मिटत होता, श्वासाला गप्प राहत होता. भाऊजींचा तो घोगरा सूर जणू तिच्याच दातांतून येत होता. कर्णिकांनी आपले संवाद घडी करून खिशात टाकले. "सुधाकरराव, हे तुमचंच काम. मी समोसे वाटतो."

भाऊजींनी नाही म्हणून मान हलवली. "मुलं... हसतील."

"मग बोलावलंय कशाला त्यांना?" मी म्हटलं. "रडायला?"

"मॅनेजरबाई..." ते म्हणाले. माइक मात्र खाली ठेवला नाही.

हॅलोवीनला संध्याकाळची मगरिबची अजान झाली आणि मुलं हॉलमध्ये घुसली. काळ्या पडद्यामागे भाऊजी, पुढे कवटी. सगळ्यात धीट पोराला मुलांनी पुढे ढकललं. "नाव... काय?" कवटीने विचारलं. "रोहन." "रोहन... होमवर्क... केलास?" पोरगा मागे सरकला. "हाऊ डज ही नो?" कवटी म्हणाली, "केला... नाहीस. यल्ला... चल... नेक्स्ट!" त्यानंतर हॉल आवरेना. मुलं ओरडत होती, आया डोळे पुसत हसत होत्या. ताई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. शेवटी मुलं गलका करू लागली, "हू इज इट? हू इज इट?" मी पडद्यापुढे जाऊन उभी राहिले, कोणी ओढू नये म्हणून. तेवढ्यात मागून पडदा सरकला. भाऊजी माइक हातात घेऊन स्वतःच बाहेर आले आणि म्हणाले, "मी." मागे कवटीचा जबडाही कट्‌कन उघडला.

रोहन त्यांच्याकडे पाहतच राहिला. "अंकल, इज दॅट युवर रिअल व्हॉइस?"

"हो."

"सो कूल! डू इट अगेन!"

त्यांनी पुन्हा केलं. जेवणं निवली, तरी करतच होते.

दुसऱ्या दिवशी ग्रोसरीला फोन त्यांनी लावला. दूध, ब्रेड, अंडी, एकेक शब्द सुटा. पलीकडचा कंटाळून म्हणाला असावा, "खलास?" कारण भाऊजी म्हणाले, "नहीं... अभी तो... शुरू... किया." काही महिन्यांत त्यांनी साइटचं काम मागून घेतलं. ओरडणं जमत नव्हतं, पण त्यांचं बोलणं ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागे, त्यामुळे कामं उलट लवकर होत. परत जायचा विषय बंद झाला. पुढे निवृत्त होऊन ठाण्याला आले ते भरपूर बोलूनच आले.

दिवसकार्य उरकल्यावर आम्ही घरचेच जेवायला बसलो होतो. ताईने विचारलं, "भाजी कोणाला हवी?" कोणीच उत्तर दिलं नाही. भाचा, ताईची सून, मी, सगळे घास हातात धरून थांबलो होतो. इतक्या वर्षांची सवय. त्या घरात कोणी काही विचारलं की आधी भाऊजींना श्वास घेऊ द्यायचा असतो... तो वेळ त्यांना पूर्ण मिळाला. मग मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, "वाढ... थोडी."

ताई खळखळून हसली आणि तिने मला भरपूर वाढलं.