तिसऱ्या ओळीतलं नाव

आमचे गुरुजी दगडाला नमस्कार करत नसत, त्याची चौकशी करत. कुठल्याही गावात वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड दिसला, की चपला काढून त्याच्यासमोर उकिडवे बसायचे. "काय पावणं, बरं हाय न्हवं?" शिवाजी पेठेत लोक त्यांना अर्धवट म्हणत. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू!

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांचा हाच उद्योग. पिशवीत पाण्याची बाटली, नारळाची शेंडी आणि दाढीचा आरसा. दगड धुवायचा, आरशाने ऊन तिरकं पाडायचं, की झिजलेली अक्षरं वर यायची. "कुनीतरी नाव कोरून ठेवलंय, ते वाचल्याबिगर उठायचं न्हाय," असं म्हणायचे. मी जुना विद्यार्थी, म्हणून पिशवी माझ्याकडे.

कळंब्याच्या पुढं एका गावात बायका अशाच दगडावर धुणं धूत होत्या. गुरुजींनी त्यांना त्यावरच्या गायी दाखवल्या, लढाई दाखवली. "आक्का, ह्यो गडी तुमच्या गावच्या गायींसाठी मेलाय. आन् तुमी त्याच्या छातीवर लुगडी आपटताय की!" एका म्हातारीने तिथल्या तिथे डोळ्याला पदर लावला. आठवड्यात गावाने दगड पाराजवळ उभा केला. खाली जुन्या कानडीतल्या तीन ओळी निघाल्या. गुरुजींनी दोन वाचल्या. नाव तिसरीत होतं, फार झिजलेलं. ओला कागद दाबून ठसा घ्यायचं ठरलं, पण कागद धरायला दुसरा माणूस लागतो. "रविवारी ये. इसरू नगंस."

रविवारी आमच्या पेठेच्या फुटबॉल टीमची फायनल मॅच होती. मी गेलो नाही. गुरुजी दिवसभर पारावर एकटे बसून परत आले.

पुढच्या रविवारी गेलो, तर वीर चकचकीत चंदेरी! गावाने हौसेने ऑइलपेंट मारला होता, मिशा काळ्या केल्या होत्या, आणि अक्षरांचे खड्डे बरे दिसेनात म्हणून पुट्टी भरून सपाट केले होते. तीच म्हातारी पुढे आली. "बघा गुरुजी, कसा नटवलाय तुमचा वीर!"

गुरुजींनी हात जोडले. "लई झ्याक केलंसा."

परतताना मी म्हणालो, खरवडून काढू या. "पुट्टीसंगं अक्षरं बी निघतील रं. त्यांचं काय चुकलं? मीच जीव लावाय शिकवलं, जपाय शिकवायचं ऱ्हायलं." त्यानंतर पिशवी खुंटीला लागली ती लागलीच. शेवटच्या आजारपणात मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "नाव कळलं का रं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गेल्या महिन्यात त्या गावी गेलो. वीराला आता फरशीचा चौथरा आहे, पत्र्याचं छप्पर आहे आणि वर पाटी आहे: 'वीर गुरुजी प्रसन्न'. नाव ठाऊक नव्हतं, मग 'गुरुजींचा वीर' म्हणता म्हणता गावाने हे करून ठेवलं. मी चपला काढून उकिडवा बसलो. "काय पावणं" म्हणायला गेलो, पण नक्की कुणाला विचारायचं तेच कळेना.

दिवा लावायला आलेल्या म्हातारीच्या सुनेने विचारलं, "तुमी वळखत हुता म्हनं त्यास्नी? कशापायी मेले वो गुरुजी?"

एका मॅचपायी, असं अगदी ओठांवर आलं.

"गायींसाठी," म्हणालो आणि चपला घालून निघालो.