ओटीचं टेकाड

४ मार्च १९५६, रविवार. हरभरा उपटायचा राहिला होता.

हरभरा भल्या सकाळी, अंगावर दव असतानाच उपटावा लागतो. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणे मातीत जातात. माझी सकाळ मात्र चुलीपुढे जात होती. घरात सासूसासरे, मालक, मुलं आणि धाकटा दीर. दीर पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता. पहिल्या शिफ्टला सायकलवर निघायचा, म्हणून त्याची भाकरी अंधारातच बांधावी लागे. माघात त्याचं लग्न झालं तेव्हा मी म्हटलं, चला, घरात दोन हात वाढले. पण धाकटी जाऊ येऊन पंधरवडा उलटला तरी चुलीला शिवू शकत नव्हती, कारण तिची माती अजून टेकाडावर पडली नव्हती.

हे नीट सांगितलं पाहिजे.

आमच्या भावकीचं टेकाड चऱ्होलीच्या पुढे, इंद्रायणीच्या काठावर आहे. दुरून पाहिलं तर त्यात काही विशेष नाही. सपाट रानात एक उंचवटा, माथ्यावर शेंदूर लावलेले सात दगड, उतारावर एक बाभूळ. नदीच्या अंगाला पायथ्याशी एक कपार आहे, वाकून आत शिरता येईल एवढी. तिच्यात भर उन्हाळ्यातही ओल असते.

भावकी म्हणते, आपण त्या कपारीतून आलो. सात भाऊ जमिनीच्या पोटातून वर आले ते अंगाने निथळत आले. नदीला पूर होता, चहूकडे चिखल, अंग वाळवायला कोरडी जागा नाही. तेवढ्यात पलीकडच्या रानातून एक बाई आली. तिच्या ओटीत तिच्या गावची कोरडी माती होती. ती तिने चिखलावर ओतली आणि म्हणाली, बसा यावर आणि वाळा. भाऊ वाळले, आणि थोरल्याने तिच्याशी लग्न केलं. ती बाई ओटीत माती घेऊन कशाला हिंडत होती, असं मी नवी असताना विचारलं होतं. मला गप्प बसवण्यात आलं.

तेव्हापासून भावकीत आलेली प्रत्येक सून माहेरची ओटीभर माती आणते आणि टेकाडावर ओतते. तोवर ती घरातली नव्हे, पाहुणी. पाहुणीने चुलीला आणि देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. आणि भावकीतल्या बायका पुरुषांना काही सुनावायचं असलं की एवढंच म्हणतात, "आजून वाळला न्हाईस तू."

मी माझी माती आणली तेव्हा मला हा सगळा प्रकार खुळचट वाटला होता. माझं माहेर शिरूरकडचं, माती काळी आणि जड. वाटेत पदर फाटला, अर्धी माती सांडली आणि मी मनात सगळ्यांना नावं ठेवत वर चढले. पण वर गेल्यावर सासूने मला एका बाजूला नेलं. तिथे पावसाच्या पाण्याने टेकाडाला खोल ओघळ पाडली होती, आणि ओघळीच्या भिंतीत मातीचे पट्टे दिसत होते. काळा, त्याखाली तांबडा, मग चुनखडीचा पांढुरका, पुन्हा काळा, मग मुरमासारखा पिवळट. कुठे बोटभर जाड, कुठे रेघेसारखा. तळापर्यंत असंच होतं. सासूने तांबड्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"ही माजी. मावळातली."

"आणि पुरुषांची कुठली?" मी विचारलं.

"त्यांचं काय हाय हितं? नावच त्येवढं. माती समदी आपली."

मी सहजासहजी कशाने भारावून जात नाही. देवळात गेले तरी माझं लक्ष चपलांकडे असतं. पण त्या ओघळीपुढे मी बराच वेळ उभी राहिले. कोणी राजाने बांधलेलं नाही, कोणी गवंडी लावलेला नाही. नांदायला आलेल्या पोरींनी एकेक ओटी करून एवढा डोंगर उभा केला, आणि कोणीच तो डोंगर आपला म्हणून मिरवला नाही. तसलं काम मला आवडतं.

तर आता धाकट्या जावेचं. तिच्या वडिलांचं गाव वर मावळात होतं. ते धरणात गेलं. वडील तेव्हा पोरसवदा होते. गाव उठलं ते कुठे एकत्र बसलं नाही. आज या मुकादमाकडे, उद्या त्या खाणीवर, असं करत हे कुटुंब शेवटी रहाटणीला भाड्याच्या खोलीत आलं. मुलगी चांगली, कामसू, हे बघून लग्न ठरलं. मातीची आठवण कोणालाच झाली नाही. ती झाली अक्षता पडल्यावर, माझ्या चुलत सासूला. ती भावकीत सगळ्यांत थोरली आणि टेकाडाचा मान तिचा. रविवारी सुनेला घेऊन या, असा तिचा निरोप आला. निरोपाला शेपूट होतं, माती नसली तर तिला माहेरी ठेवून या.

शनिवारी आम्ही दोघी नदीवर धुणं धूत होतो. मी तिला सरळ विचारलं, "उद्या ओटीत काय नेणार?"

"काही नाही, जाऊबाई."

"रहाटणीची माती आणायची होतीस."

"ती भाड्याची. तिथं आईला भिंतीत खिळा ठोकायची चोरी. त्या घरमालकाची माती मी माझी म्हणून कशी आणू?"

मी म्हटलं, "मग आपल्या परसातली घे दोन ओंजळी. चुलत सासूबाईंना आता धड दिसत नाही."

हा सल्ला वाईट नव्हता, असं मी आजही म्हणते. मला माझा हरभरा दिसत होता. तिने लुगडं पिळता पिळता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "परसातली माती तुमच्या घरचीच. इथली उचलून तिथं टाकायची, तर मग सुनेनं आणलं काय?"

मुलगी जेमतेम अठराची, आणि बोलत होती ते हिशेबाला धरून.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. सासू पुढे, मग धाकटी, मग मी. दिराला सुट्टी होती, तो सायकल हातात धरून मागे. हरभऱ्याच्या वावरावरून जाताना मी तिकडे बघितलं नाही. टेकाडाशी चुलत सासू आधीच येऊन बाभळीखाली बसली होती. पुरुषांनी पायथ्याला थांबायचं असतं, तसा दीर सायकल आडवी टाकून बसला.

धाकटीने वाकून पाया पडल्यावर चुलत सासूने हात पुढे करून तिची ओटी चाचपली. ती रिकामी होती.

"माती?"

"आणली नाही. आमचं गाव पाण्याखाली आहे."

"आन् म्हून रिकामी आलीस?"

"खोटी आणण्यापेक्षा बरी. आई म्हणते, जेठात पाणी उतरलं की देवळाची भिंत उघडी पडते. तिथली आणीन."

"मग जेठात ये. माती न्हाई तर वर न्हाई, वर न्हाई तर चूल न्हाई. तवर माहेरी ऱ्हा."

धाकटीचा चेहरा उतरला, आणि का उतरला ते मला ठाऊक होतं. बापाच्या त्या एका खोलीत आता तिच्या मागच्या बहिणी निजत होत्या. सासरहून पंधरवड्यात परत आलेली मुलगी म्हटल्यावर रहाटणीत कोणी मातीची गोष्ट ऐकून घेणार नव्हतं. लोक वाटेल ते बोलले असते, आणि त्या बहिणींची लग्नं अडली असती.

"थोरली आई, जेठापातूर माहेरी?" दीर खालून म्हणाला. "मग लगीन लावलं कशापायी?"

"तू गप ऱ्हा," सासू म्हणाली. "आजून वाळला न्हाईस तू."

आम्हाला हसू आलं, धाकटीलाही. सासू मात्र हसली नाही. ती तशीच नदीच्या अंगाला उतरली, कपारीत हात घातला आणि ओला तळवा घेऊन परत आली. तो तिने चुलत सासूच्या हातावर ठेवला.

"जाऊबाई, हितनं सात भाऊ आले. संगं काय आणलंतं त्यांनी?"

"काय आणत्यात? निथळत आले."

"मग त्यांना कुनी म्हनलं का, माती न्हाई तर माघारी जावा?"

"ती बाप्ये मानसं व्हती."

"बाप्ये व्हते म्हून रिकाम्या हातानं चाललं व्हय? ह्या पोरीचं समदं गाव पाण्यात हाय. ही बी पाण्यातनंच वर आली, निथळत. हिला सून म्हून नगा घेऊ. भाऊ म्हून घ्या. वर बसंल, वाळंल. मातीचं जेठात बघू."

माझी सासू चार इयत्ताही शिकली नव्हती, आणि एरवी मीठ कमी का जास्त यापलीकडे ती माझ्याशी फारसं बोलतही नसे. तिच्या डोक्यात हे कधीपासून घोळत होतं, कोण जाणे.

चुलत सासूने ओला हात गुडघ्याला पुसला. मग म्हणाली, "दगड सात हायत. आठवा कुठं मांडू?"

"मांडू नगा. नुसती बसू द्या."

"वाळायला येळ लागंल. उनात बसावं लागंल."

हा तिचा होकार होता. ती काठी टेकत उठली आणि धाकटीचा दंड धरून स्वतः वर निघाली.

माथ्यावर सात दगडांपाशी धाकटीला बसवलं, तोंड नदीकडे करून. आम्हीही बसलो. ऊन चांगलंच तापलं. नदी खाली आटून एका कडेने वाहत होती आणि पलीकडे ज्वारीची रानं पिवळी पडली होती. ओघळीत माझा काळा पट्टा मला दिसत होता. त्यावर माझ्यामागून आलेल्या सुनांची माती चढली होती, त्यामुळे तो आता बराच खाली गेला होता. चुलत सासू मधूनमधून धाकटीच्या पदराला हात लावून बघायची आणि मान हलवायची. पदर पहिल्यापासून कोरडाच होता. पण बघणारी इतक्या मनापासून बघत होती की माझाही हात एकदा नकळत तिकडे गेला.

खालून दिराने हाक मारली, "झाली का वाळून?"

"तुज्या आदी वाळंल," चुलत सासू वरून म्हणाली.

ऊन डोक्यावर आल्यावर तिने शेवटचा हात लावला. "वाळली," म्हणाली, आणि धाकटीच्या कपाळाला टेकाडाचीच माती लावली. "चुलीला शिव आता. पन जेठात माती आण. न्हाईतर माज्या माघारी लोक म्हनतील, म्हातारीनं सोडून दिलं."

"आणीन," धाकटी म्हणाली.

त्या जेठात दिराने कंपनीतून रजा काढली आणि दोघं वर मावळात जाऊन आली. धाकटीने आणली ती करड्या रंगाची, गाळाची माती, वाळल्यावर पिठासारखी मऊ. ओघळीत तिची रेघ अजून ओळखू येते. तसली दुसरी तिथे नाही. पण ते पुढचं.

टेकाडावरून आम्ही घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. सासूने घरात पाऊल टाकताच मीठ कमी पडलेल्या कालच्या आमटीची आठवण काढली, म्हणजे सगळं पूर्ववत झालं.

सोमवारी सकाळी मी उठले तर चूल पेटलेली होती आणि धाकटी परात पुढे घेऊन बसली होती. पिठाला हात लावायची थांबली होती, माझ्यासाठी. मी तिला मिठाचं मडकं दाखवलं, दिराला किती भाकऱ्या लागतात ते सांगितलं आणि तवा उजव्या बाजूला कलतो तेवढं बघ म्हटलं. मग डोक्याला फडकं बांधून वावरात गेले. दव होतं. उन्हं यायच्या आत अर्धा हरभरा उपटून झाला.