बुडत्या रोपांची बचावमोहीम

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच तुम्ही, पण आधी चहा तेवढा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

आमची थोरली, वैशाली, मालवणकडं खाडीकाठच्या एका गावात दिली आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच मी घाटावरच्या उचगावहून तिच्या घरी गेलो होतो. लेकीच्या सासरी चार दिवस राहायचं, म्हणजे बापाचं चांगलं नाव निघायला पाहिजे की नाही? तिथंच घात झाला.

विहीणबाई गावातल्या बायकांना घेऊन खारफुटीची रोपं वाढवतात. खाडीच्या चिखलात उभी राहणारी ही झाडं. पूर्वी गावानंच ती जळणाला तोडली. मग खाडीचा बांध फुटला आणि भातशेतीत खारं पाणी शिरलं. आता तीच झाडं परत लावायची धडपड चाललीय. दुसऱ्या दिवशी शाळेतली मुलं रोपं लावायला येणार होती. जेवताना विहीणबाईंनी हे सगळं नीट सांगितलं. माझं निम्मं लक्ष सोलकढीत.

दुपारी घर झोपलं. मी खाडीकडं चक्कर मारायला गेलो आणि बघतो तर काय! चिखलात ओळीनं मांडलेल्या रोपांच्या पिशव्या, आणि पाणी वर चढतंय. निम्मी रोपं बुडालेली.

आता मला सांगा, महापुरात उभा ऊस कुजलेला ज्यानं बघितलाय, तो गप्प बसेल का? त्यात हे पाणी खारं. आमच्याकडं खारपड रानात गवतसुद्धा धड येत नाही. मी पँट वर दुमडली आणि दोन तास पिशव्या उपसल्या. एक कोल्हापुरी पायताण चिखलात गेलं, त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. सगळी रोपं अंगणात आणली आणि विहिरीच्या गोड्या पाण्यानं लेकरासारखी आंघोळ घातली.

तेवढ्यात विहीणबाई ओसरीवर आल्या.

"वाचवली बघा सगळी," मी म्हणालो. "मी हुतो म्हणून. न्हायतर एक रोप हाताला लागत नव्हतं."

त्यांनी अंगणात उतरून एक पिशवी उचलून बघितली. मग शांतपणे म्हणाल्या, "व्याही, ती भरती. दिवसातसून दोनदा येता. ही रोपां बुडूकच होयी." म्हणजे ती बुडायलाच हवी होती!

ओढाओढीत कितीतरी पिशव्या फाटल्या होत्या, मुळं तुटली होती. बायकांची आठ महिन्यांची मेहनत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंधार पडेपर्यंत सगळ्या बायका नव्या पिशव्या भरत बसल्या आणि मी चिखल वाहत होतो. वैशाली माझ्याकडं न बघता पाट्या भरून देत होती. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी मुलं आली. पाहुणा म्हणून मला खुर्ची मिळाली, नारळ मिळाला. विहीणबाईंनी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला आणि कालची हकीकतच सांगितली. शेवटी मुलांना विचारलं, भरती आली तर काय करायचं? सगळी माझ्याकडं बघून ओरडली, "काय नाय करायचा!"

महिन्याभरानं वैशालीचा फोन आला. शेजारच्या गावात असाच कार्यक्रम आहे, सासूबाईंनी आठवणीनं बोलावलंय. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस खपून खारफुटीवर भाषण लिहिलं आणि वाचून दाखवायला तिला फोन लावला.

"आबा," ती म्हणाली, "भाषण सासूबाईच करणार हायत. तुम्ही नुस्तं खुर्चीत बसायचं."