तापल्या पत्र्याखालचे मुनीरचाचा

मुनीरचाचांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथाच्या प्रकाशनालाही ते बीडला येणार नाहीत, हे कळलं तेव्हा खरं सांगते, मला रागच आला. गुडघ्यांच्या उपचारासाठी जर्मनीला लेकीकडे गेले, त्याला दोन वर्षं झाली. गौरव करायचा आणि माणूसच समोर नाही, याला काय अर्थ आहे?

त्यांची माझी पहिली भेट सिरसाळ्याची. मी तिथल्या कापसाच्या गोदामाची व्यवस्थापक. आगीची सूचना देणारी यंत्रं तपासायला बीडहून कुणी सय्यद मुनीर येणार, एवढंच ठाऊक होतं. ते आले आणि मान वर करून पाहिलं. छताखालच्या एकूणएक यंत्राला मी प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती.

"ताई, हे कशापायी बांधलं?"

"कापसाची धूळ उडाली की रोज बोंबलतंय! कानाला दडे बसले आमच्या."

दुसरा कुणी असता तर चार शब्द सुनावले असते. चाचा शिडीवर चढले, एकेक पिशवी सोडली आणि घडी घालून माझ्या हातात दिली. "तुमचा राग बराबर हाय. धुळीत धुराचं यंत्र लावणाराच चुकला. पर पिशवी बांधली की ते मुकंच की!" जिथे धूळ उडायची, तिथे त्यांनी धुराऐवजी उष्णता ओळखणारी यंत्रं बसवून घेतली. मला मात्र त्या दिवशी फार लाज वाटली.

चाचांनी वीस वर्षं आखातातल्या गोदामांत हेच काम केलं. कुठल्या देशात गोदामाचं क्षेत्रफळ पाहतात, कुठे थप्पीची उंची, कुठे माल कोणता ते, सगळं त्यांना तोंडपाठ. पण नियमात बसलं म्हणून ते कधी थांबले नाहीत. एका उन्हाळ्यात आमचं गोदाम रिकामं असताना अग्निशमन अधिकारी सकाळच्या गारव्यात आले, चाचणी झाली, भोंगा वाजला, मंजुरीचा कागदही मिळाला. चाचा म्हणाले, "आता दुपारी दोनला करू."

घमेल्यात ओलसर कापूस धुमसत ठेवला. धूर वर निघाला, पण तापलेल्या पत्र्याखालच्या गरम हवेच्या थराला अडून बराच खालीच आडवा पसरला; छताच्या यंत्रांपर्यंत पोचलाच नाही. भोंगा ढिम्म! मालक वैतागले, "कागद मिळालाय ना? मग?"

"साहेब, तुमचा पत्रा दुपारी किती तापतो, ते नियम लिहिणाऱ्याला कुठं ठावं?" चाचांनी हट्टानं भिंतीवर, खालच्या उंचीला, धुराच्या यंत्रांची दुसरी रांग बसवायला लावली. पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी एक गठाण आतून धुमसली, तेव्हा वाजली ती खालचीच रांग. आतले सगळे हमाल धडधाकट बाहेर आले.

हमालांवर त्यांचा लई जीव. हंगामात येताना सीताफळांची पाटी आणायचे आणि आधी त्यांना वाटायचे. मला उरलीसुरली. मी भांडायचे, ते हसायचे.

आता आम्ही शेजारी नवीन गोदाम बांधलंय. गेल्या महिन्यात त्याची दुपारची चाचणी मीच केली, फोनवर चाचांना दाखवत. भोंगा वाजला. मी बंद करायला धावले, तर फोनमधून आवाज आला, "बंद करू नका, ताई. वाजू द्या जरा."

मी तशीच उभी राहिले. भोंगा थांबल्यावर चाचा म्हणाले, "इथं लेकीकडं झोपायच्या खोलीत बी यंत्र हाय, कायदाच हाय. समदं नीट चालतंय. पर दोन वर्षांत मला कुणी म्हटलं न्हाई, चाचा, जरा बघता का."

 

चाचा, तुमचे गुडघे लवकर बरे होवोत, तुम्ही शंभरी पार करा आणि ठणठणीत राहून करा. पण आम्हाला तुमच्यावाचून करमत नाही हो. लेकीला सांगा, सिरसाळ्याच्या भांडकुदळ बाईनं बोलावलंय. नवीन गोदाम भरायच्या आत या.

चाचा, जरा बघता का?