आवाजावरून ओळखणाऱ्या पेशी

"सुई टोचायले मीच दिसलो काय तुले? गल्लीत बारा माणसं हायेत."

"ते बाराही म्हणतात, गनीभाईनं रक्त दिलं तर आमी देऊ. तुमीच अडून बसले, अब्बा."

अब्दुल गनी ट्रकच्या बॉनेटखालून बाहेर आले नाहीत. पांढरकवड्याच्या हायवेवर चाळीस वर्षं डिझेल इंजिनं उघडणारा हा मिस्त्री भांडायचा तोही इंजिनाकडे तोंड करून.

त्यांची मुलगी आरजू नागपूरच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. घरात टीबीचा पेशंट असूनही ज्यांना टीबी झाला नाही, अशा माणसांचं रक्त तिला आज दोनच्या आत हवं होतं. तिची आई सुग्राबी टीबीनं आजारी होती तेव्हा आठ महिने अब्बांनीच तिला भरवलं होतं. त्यांना साधा खोकलाही झाला नाही.

"अन् रक्तात टीबी निघाला तर?" गनींचा आवाज खाली आला. "तुही अम्मी बरी झाली, तरी वर्षभर ड्रायव्हर लोकांनी तिच्या हातचा चहा घेतला नाई."

"मी रोग नाई शोधून राह्यली. रक्तातले पहारेकरी शोधून राह्यली. गॅमा डेल्टा टी पेशी."

"नाव तं पलटणीचं वाटते."

"लहान पलटण हाय. रक्तात शंभर टी पेशींमागं चार-पाच. कातडीत, आतड्याच्या अस्तरात जास्त. बाकीच्या टी पेशींले कोणीतरी जंतूचा तुकडा आणून दाखवा लागते, मंग त्या उठतात. ह्या वाट पाहत नाईत. पेशी बिघडली का ह्यायले लगेच समजते. बाकीच्यायले हाका मारतात, सोताही जंतू लागलेल्या पेशी मारतात."

गनींचा पाना थांबला. "म्हंजे इंजिनाले स्कॅनर लावायच्या आधी आवाजावरून बिघाड सांगणाऱ्या."

"तशाच."

"चुकत नाईत?"

"चुकतात. कधी उगाच सूज वाढवतात. काही कॅन्सरमधी तं कॅन्सरच्याच कामी येतात."

"आपल्या रिजवानसारख्या."

"मी काय केलं आता?" मागून तिचा भाऊ ओरडला.

आरजूला हसू आलं, पण तिनं घड्याळ पाहिलं. "टीबीत त्या माणसाले कितपत वाचवतात, हे अजून पुरतं माहीत नाई. म्हणून तुमचं रक्त पाह्यजे. नळीवर नाव नसते, नुसता नंबर राहते. कोणाले समजणार नाई."

गनींनी डिझेलनं हात धुतले, साबण लावला, पुन्हा धुतले. नखांतलं काळं काडीनं काढलं.

"देता काय, अब्बा? दीड वाजला."

त्यांनी बाही कोपरापर्यंत वर दुमडली आणि ते दवाखान्याच्या रस्त्याला लागले. त्या बारांपैकीच एक, समोरच्या टायरवाल्या फुलचंदनं ते पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.